काचेच्या नळीत करपलेलं दूध

नमस्कार. या सदरातले अनुभव मी नेमानं वाचतो, आणि राग मानू नका, पण बहुतेक वेळा हसतो. घाटात लिफ्ट मागणारी बाई, पिंपळाखालचा म्हातारा, बंद फ्लॅटमध्ये आपोआप सुटणारा नळ... वाचायला मजा येते, पण विश्वास? नाव नको. आमच्या घराचा तर या गोष्टींवर थोडाफार धंदाच चालायचा, तरी आमच्यात कुणी विश्वास ठेवला नाही. अंगात आलेल्या माणसाला दर्ग्यावर आणणारे लोक ऊद आणि लोबान आमच्याच दुकानातून न्यायचे. वडील पुडी बांधून द्यायचे आणि गिऱ्हाइकाची पाठ वळली की मला म्हणायचे, "धूर सगळ्यांनाच बरा वाटतो. भुताला काय आणि माणसाला काय." अशा बापाचा मुलगा मी. तेव्हा खालचं वाचून मला वेडा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मीही बरेच दिवस तेच म्हणत होतो.

आधी ठावठिकाणा सांगून टाकतो, नाहीतर 'नेमकं कुठं घडलं' असं विचारणारे चारजण असतातच. मी पुण्याचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा. आडनाव अत्तार आणि धंदाही तोच. रविवार पेठेत आमचं अत्तराचं दुकान होतं. दुकान कसलं, भिंतीतलं कपाटच म्हणा — दोन गिऱ्हाइकं आली तर तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. राहायला शनिवार पेठेत, ओंकारेश्वराकडून आत येणाऱ्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. घरात मी एकटा. मुलगा इरफान शारजाला असतो. रविवारी व्हिडिओ कॉल करतो, "अब्बा, खाना खाया?" विचारतो, मी "खाया" म्हणतो, मग दोघंही थोडा वेळ एकमेकांकडे बघत बसतो आणि कॉल संपतो. बायको, शमीम, आता नाही.

शमीम गेली त्याच्या पुढच्या वर्षी मला वरच्या जबड्याचा कॅन्सर निघाला. किरणं दिली, महिनाभराच्या वर चालली ती. कॅन्सर गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. म्हणजे नाक जागेवर आहे, दिसायलाही बरं आहे, फक्त वास येत नाही. गुलाबाचा नाही, गटाराचा नाही, कशाकशाचा नाही. डॉक्टर म्हणाले, "काहींचं परत येतं, काहींचं नाही." वर्षभर वाट बघितली, आलं नाही, आणि दुकान देऊन टाकलं. कुठल्या तोंडानं गिऱ्हाइकाला सांगणार, की हे मोतियाचं अत्तर अस्सल आहे?

नाक गेल्यावर माणूस किती एकटा पडतो, हे ज्याचं शाबूत आहे त्याला कळायचं नाही. स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं. डाळ आंबली की नाही, कळत नाही. पाऊस पडून गेला तर डोळ्यांना दिसतो तेवढाच. आपल्या अंगाला घामाचा वास येतोय का, याची धास्ती असते, म्हणून मी दोनदोनदा आंघोळ करतो. शेजारच्या बापट वहिनी होत्या म्हणून निभावलं. त्या जिन्यातून जाताजाता सांगायच्या, "अहो अत्तार, तुमची कालची भाजी गेली. टाकून द्या. पहिल्या मजल्यापर्यंत बातमी पोचलीय." बाईंचं बोलणं असंच, लिंबाच्या लोणच्यासारखं. पण शमीमचं आणि त्यांचं फार जमायचं. आमच्याकडून ईदेला शीरखुर्मा जायचा, त्यांच्याकडून संक्रांतीला गुळाच्या पोळ्या यायच्या, आणि एरवी दोघी जिन्यात उभ्या राहून आम्हा नवऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या.

दुकान गेलं ते मी सोसलं. एक गोष्ट मात्र सोसवली नाही, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शमीम गेल्यावर तिचे कपडे मी वाटले नाहीत. चार ड्रेस, दोन ओढण्या आणि एक शाल एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली. डांबरगोळ्या नाहीत, अत्तर नाही, काही नाही. दुकानातून आलो की ट्रंक उघडायची, ओढणी तोंडाशी धरायची. ती असायची त्यात. अगदी असायची. मग किरणं झाली, आणि एक दिवस ट्रंक उघडली तर आत नुसतं कापड. शमीम मला दोनदा गेली, असं मी म्हणतो ते यासाठी.

पुढं काही वर्षांनी जबडा ठणकायला लागला. एक दाढ हलायला लागली आणि तिच्या बाजूचं हाड उघडं पडलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की किरणांनी त्या हाडातल्या रक्तवाहिन्या वाळल्यात, हाडाचा तुकडा मेलाय, तो काढावा लागेल. पण नुसतं कापलं तर जखम भरणार नाही. म्हणून आधी काही आठवडे दाबाखाली ऑक्सिजन घ्यायचा, मग ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर परत ऑक्सिजन. "शेतकरी आधी मशागत करतो ना, तसं समजा," म्हणाले. मी जबड्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यानं नाक परत येईल?" डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "त्याची आशा धरू नका." आता आशा धरू नका म्हटल्यावर कोण धरत नाही? मी कुणाला बोललो नाही, पण त्या मशीनमध्ये मी जबड्यासाठी गेलोच नव्हतो. मी गेलो तो ओढणीसाठी.

हॉस्पिटल येरवड्याच्या पुढं, नगर रोडला. नाव लिहीत नाही, त्यांची काही चूक नाही. रोज सकाळी रिक्षानं जायचं. मशीन म्हणजे एक काचेची लांब नळी, माणूस आडवा मावेल एवढी. ट्रेवर झोपवतात, आत सरकवतात, दार लावतात आणि हळूहळू दाब वाढवतात. आत निव्वळ ऑक्सिजन. दीड-दोन तास पडून राहायचं. दाब वाढताना कान बंद होतात, विमानात होतात तसे. ते उघडायला नाक चिमटीत धरून फुंकर मारायची. बापट वहिनींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "नाक दाबलं की तोंड उघडतं ऐकलं होतं. तुमचे कान उघडतात म्हणजे पैसे वसूल."

बाहेर टेबलाशी जाधव सिस्टर बसायच्या. साताऱ्याकडच्या, तिशीतल्या, कडक. आत-बाहेर बोलायला स्पीकर होता. आत जाण्याआधी रोज त्यांची उलटतपासणी. "तेल लावलंय? पावडर? मलम? मोबाइल? घड्याळ? अत्तर?" अत्तर त्यांनी माझ्यासाठी खास वाढवलं होतं. कारण उघड आहे — शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल किंवा अत्तरासारखी वस्तू गेली आणि कुठं बारीकशी ठिणगी पडली, तर माणसाचा कोळसा. म्हणून अंगावरचे सगळे कपडे काढून त्यांचा सुती गाऊन घालायचा, केसांवर सुती टोपी. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "सिस्टर, दुकान बंद करून जमाना झाला." त्या म्हणाल्या, "तुमच्या कपड्यांना अजून वास येतो, चाचा. तुम्ही लिफ्टमधून बाहेर आलात की मला इथं कळतं." मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी तो वास घेऊन गावभर हिंडतोय, सगळ्यांना येतोय आणि मलाच पत्ता नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

त्या नळीत पडल्यावर काय वाटतं सांगू? काही नाही. तोच तर त्रास आहे. छताचा पांढरा रंग दिसतो, हवा आत येताना सूं आवाज होतो आणि मग तोही थांबतो. काचेपलीकडे माणसं ये-जा करतात, हसतात, चहा पितात, आपल्यापर्यंत काही पोचत नाही. पण मला त्याची सवय होती. माझं बाहेरचं जगणंही तसंच चाललं होतं.

आता त्या शुक्रवारचं.

ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं आणि आधीच्या ऑक्सिजनची शेवटची एक-दोन सेशन उरली होती. माझी वेळ रोजची सकाळची. त्या दिवशी मात्र फोन आला की सकाळी एक तातडीचा पेशंट घ्यावा लागतोय, तुम्ही दुपारी या. ठीक आहे म्हटलं. आंघोळ केली, पांढरा कुर्ता घातला, जुम्म्याची नमाज पढलो. ऑपरेशनच्या आधीचा जुम्मा, त्यामुळं जरा जास्त वेळ बसलो. तिथून रिक्षा केली ती थेट हॉस्पिटल.

जाधव सिस्टरांना त्या दिवशी जबर सर्दी. तोंडाला मास्क, डोळे लाल, आवाज घोगरा. "तेल? पावडर? अत्तर?" मी प्रत्येकाला नाही म्हटलं, आणि अगदी इमानदारीनं म्हटलं. गाऊन घातला, टोपी ओढून घेतली, झोपलो. ट्रे आत गेला. दार लागलं. सूं सुरू झालं. मी नाक चिमटीत धरून एकदा फुंकर मारली, कान उघडले. परत मारली. आणि नाक सोडलं तर—

वास आला.

मी आधी हललोच नाही. इतक्या वर्षांनी वास, आणि तोही असा ढळढळीत. अत्तरवाला वास एकदम घेत नाही, त्याला तशी सवय लावलेली असते. तो थराथरानं घेतो. वरचा थर: दूध करपल्याचा. भांड्याच्या बुडाला धरून काळं पडलेलं दूध, त्यात जराही शंका नाही. त्याखाली रॉकेल, वातीच्या स्टोव्हचं. आमच्याकडे गॅस येऊन किती वर्षं झाली, स्टोव्ह होता तो लग्न झालं तेव्हा. आणि त्याच्याही खाली, अगदी खाली, ओल्या केसांचा. शिकेकाईनं धुतलेल्या.

हे काय आहे ते मला विचारावं लागलं नाही. लग्न नवं होतं तेव्हा शुक्रवारी शमीम डोक्यावरून आंघोळ करायची, स्टोव्हवर दूध ठेवायची, मला म्हणायची, "अजी, दूध देखना," आणि नमाजला उभी राहायची. मी बघायचो. पण समोर अत्तराच्या बाटल्या असायच्या, नाही म्हटलं तरी एखादं बूच उघडायचं, नाक तिकडं जायचं आणि इकडं दूध करपायचं. नमाजचा शेवटचा सलाम फेरून ती तशीच ओल्या केसांनी धावत यायची. "दुनिया को खुशबू बेचते, घर का जलता नै सूंगते. नाक है के बटाटा?" आणि शिक्षा म्हणून त्याच दुधाचा चहा करून मला पाजायची. वाईट लागायचा. पण मी प्यायचो, कारण ती समोर बसून बघायची आणि हसायची.

नळीत पडल्यापडल्या मला रडू फुटलं. आणि पहिला विचार काय आला असेल? अल्लाचे आभार? नाही. ट्रंक. नाक आलंय तोवर घरी पोचायचं आणि ट्रंक उघडायची, बस. उद्या परत गेलं तर जाऊ दे. मी हातानं काच वाजवली.

"सिस्टर, बाहेर काढा."

"कान दुखतायत का, चाचा?"

"नाही. वास येतोय."

"कसला?"

"दूध करपल्याचा."

स्पीकर खरखरला. मग त्यांचा तो चोंदलेला आवाज, "चाचा, तुम्हाला वास येत नाही."

"अहो, तेच तर सांगतोय."

"घाबरलाय तुम्ही. डोळे मिटून पडा, श्वास संथ घ्या. आत्ताशी सुरू केलंय, दहा मिनिटांत बरं वाटेल."

"मी घाबरलो नाही. मला घरी जायचंय. आत्ता काढा, नाहीतर ओरडत राहीन."

त्यांनी दाब उतरवायला घेतला. तो काही लगेच उतरत नाही, हळूहळूच उतरवावा लागतो. तेवढा सगळा वेळ वास होता. मी तोंड मिटून नाकानं ओढत होतो, अधाशासारखा. दार उघडलं, ट्रे बाहेर सरकला आणि वास तुटला. रेडिओचं बटण बंद करावं तसा. मी गाऊनची बाही नाकाशी धरली. काही नाही. सिस्टरांच्या टेबलावरचा स्पिरिटचा बोळा उचलून नाकात जवळजवळ कोंबला. काही नाही. मला इतका संताप आला की डोक्यावरची टोपी ओढून मी जमिनीवर फेकली.

जाधव सिस्टर काहीतरी बोलणार होत्या, त्या थांबल्या. माझ्या कानाकडे बघत होत्या. "हे काय आहे?"

मी हात लावला. कानाच्या वरच्या वळीत फाया.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — फाया म्हणजे कापसाची एवढीशी गुंडाळी, अत्तरात बुडवून कानाच्या वळीत खोवतात. दिवसभर मंद वास येत राहतो. आमच्यात जुम्म्याला आंघोळ, स्वच्छ कपडे आणि अत्तर हे ठरलेलंच, आणि अत्तरवाल्याच्या घरात तर फाया लावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. नाक गेल्यावरही माझा हात शुक्रवारी फळीवरच्या खसच्या बाटलीकडे जातच राहिला. एरवी शुक्रवारी सेशन सकाळी असायचं, फाया त्यानंतर, नमाजच्या आधी. त्या दिवशी क्रम उलटा झाला आणि मला त्याचं भानही नाही. वास आला असता तर भान आलं असतं. टोपीखाली कान झाकलेले, सिस्टरांचं नाक बंद, आणि माझ्या कपड्यांचा तर कायमचाच वास. कुणाला कळणार?

"तेल असतं यात?" त्यांनी विचारलं.

"चंदनाचं. त्यावरच उतरवतात अत्तर."

त्या स्टुलावर बसल्या. फाया चिमटीत धरून त्यांनी दूरच्या ओट्यावर एका वाटीत ठेवला आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर आले, त्यांनी फाया बघितला आणि मला म्हणाले, "कदाचित काही झालं नसतं, चाचा. बहुतेक नसतंच झालं. पण पूर्ण दाबाखाली, दोन तास, डोक्याशी तेलाचा कापूस..." माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

सगळे म्हणत होते, वाचलात, देवानं वाचवलं. मी हो हो करत होतो. माझं लक्ष नव्हतं. त्या संध्याकाळी घरी आलो, चपला न काढता ट्रंक उघडली, ओढणी तोंडावर धरली. कापड. नुसतं कापड. आपण जळून मेलो असतो हे ऐकून मला काही वाटलं नव्हतं, पण तेव्हा मात्र मी खाली बसून मोठ्यानं रडलो. दोन मिनिटं नाक दिलं होतं कुणीतरी, आणि काढून घेतलं.

सोमवारी ऑपरेशन झालं. चांगलं झालं. इरफान चार दिवसांची रजा काढून आला, माझ्या खाटेजवळच्या बाकावर मोबाइल बघत बसला, वेळेवर औषधं दिली. पोरगा वाईट नाही. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "अब्बा, ऑक्सिजननं ब्रेन थोडा एक्साइट झाला असेल." विमान होतं, गेला.

मग ऑपरेशननंतरची सेशन. आता जाधव सिस्टर स्वतः माझे दोन्ही कान बघायच्या, आधी पुढून, मग मागून, शाळेतल्या बाई नखं तपासतात तशा. मी आत जायचो, नाक चिमटीत धरायचो, सोडायचो आणि वाट बघायचो. पांढरं छत. सूं आवाज. काही नाही. पहिले काही दिवस त्या स्पीकरवरून हळूच विचारायच्या, "आलं का दूध?" मी मान हलवायचो. पुढं त्यांनी विचारणं सोडलं, आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. जखम मात्र सुंदर भरली. डॉक्टर खूश.

नाकाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. त्यांनी वेगवेगळ्या बाटल्या हुंगायला दिल्या. चाळीस वर्षं मी लोकांना बाटल्या हुंगायला दिल्या, आता मला कुणी देत होतं. एकाही बाटलीचा वास आला नाही. म्हणाले, नस गेलेली आहे, त्या शुक्रवारीही गेलेलीच असणार. मेंदू कधीकधी जुना वास स्वतःच तयार करतो, करपल्याचा तर बऱ्याच जणांना येतो, त्याला भास म्हणायचं. मी म्हटलं, बरं. भास तर भास. पण मग इतक्या वर्षांत एकदाही का नाही झाला? आणि झाला तो नेमका त्याच दिवशी, दार लागल्यावर, दाब पुरा चढायच्या आत? ते हसले, "योगायोग." डॉक्टर माणूस आहे, दुसरं काय म्हणणार? मीही दुसरं काही म्हणू शकत नाही.

पण मन मानत नाही ना. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मी ठरवून पातेल्यात दूध घेतलं, गॅस मोठा केला आणि समोर उभा राहिलो. उतू गेलं, जाऊ दिलं. आटलं. बुडाला लागलं, कडेनं तपकिरी झालं, मग काळं. धूर निघाला. मी त्या धुरावर वाकून उभा होतो, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि नाकाला म्हणत होतो, ये, ये की रे बाबा. एवढ्यात दार बडवल्याचा आवाज.

दारात बापट वहिनी. "अहो अत्तार, काय पेटवलंय? अख्ख्या बिल्डिंगमध्ये करपट—" त्यांनी मला बघितलं, आत जाऊन गॅस बंद केला, खिडकी उघडली. "वास येत नाही का तुम्हाला?" सवयीनं बोलून गेल्या, आणि मग त्यांचा चेहरा पडला.

मी त्यांना सगळं सांगितलं. नळी, फाया, शमीमचं दूध, ट्रंक. असं त्यांना घरात बसवून मी आजवर कधी काही सांगितलं नव्हतं. त्या पदरानं धूर वारत ऐकत होत्या. सांगून झाल्यावर मी म्हटलं, "वहिनी, एक काम करता? तुम्ही वास घेऊन बघता, अजून आहे का?"

बाहेरच्या खोलीत, धूर येऊ नये म्हणून मधलं दार लावून घेऊन, मी ट्रंक उघडली आणि ओढणी त्यांच्या हातात दिली. वास खरा असला की माणूस आधी गप्प होतो, हे गिऱ्हाइकं बघून मला पाठ आहे. जो लगेच 'वा वा' करतो त्याला काही आलेलं नसतं. बाईंनी ओढणी नाकाशी नेली, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. शनिवार पेठेत या बाईला कुणी गप्प बसलेली बघितलेली नाही. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच राहिले. आणि मग त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आहे," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "कसा आहे?"

"कसा म्हणजे काय? तिचा आहे." त्यांनी ओढणीची घडी घातली, माझ्या हातात न देता स्वतःच ट्रंकेत ठेवली आणि झाकण लावलं. "सारखी सारखी उघडत जाऊ नका, उडून जाईल."

मला. अत्तरवाल्याला सांगत होत्या. मी हो म्हटलं. त्या काळं पातेलं भिजवायला आत गेल्या, आणि मी ट्रंकेवर हात ठेवून बसलो. शमीम आहे. त्या पत्र्याच्या आत आहे, माझ्यापासून वीतभर. फक्त मला पोचत नाही.

तेव्हापासून ट्रंक उघडलेली नाही. कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा, मी सगळ्यांना उत्तर देतो, वेळच वेळ आहे. फक्त भास होता एवढंच लिहू नका, ते ऐकून झालंय. त्या शुक्रवारी काचेच्या आत दूध कुणी ठेवलं होतं, ते मला अजूनही माहीत नाही.